सावडीची जोडी

पांढुर्ण्याचे नाव वर्तमानपत्रांत वर्षातून एकदा हमखास छापून येते, आणि तेही दगडांमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक ते निशाण हस्तगत करण्यासाठी एकमेकांवर गोटे फेकतात. ‘गोटमार’ या नावाने ही गोष्ट सर्वत्र ठाऊक झाली आहे. किती डोकी फुटली याची मोजदाद दुसऱ्या दिवशी सगळीकडे वाचावयास मिळते. परंतु त्याच्या आदल्या दिवशी या मुलखातल्या खेड्याखेड्यांत काय घडते, हे विचारावयास सहसा कोणी येत नाही. आम्हांस आज त्या आदल्या दिवसाविषयी लिहावयाचे आहे.

आमचे खेडे सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधल्या पट्ट्यात, काळ्या मातीचे. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. राजधानी गेली तरी चूल जागची हलत नाही. शाळेत हिंदी आणि चुलीपाशी मराठी, असा आमचा संसार सुरू झाला. पोळ्याच्या तिथीचीही तीच गत. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शाळेतल्या पंचांगात पोळ्याची अमावास्या भाद्रपदाची आणि घरच्या पंचांगात तीच श्रावणाची. आम्ही भावंडांनी हा घोळ आजीपुढे मांडला, तेव्हा ती जात्यावरचा हात न थांबवता म्हणाली, “महिना कोनाचाबी असो, अमावस बैलाची हाय.”

पोळा म्हणजे बैलांचा सण, एवढे सर्वांना माहीत असते. पण तो कोणत्या वेळी येतो, हे शेतकऱ्यावाचून इतरांच्या ध्यानात येत नाही. मृगात पेरणी होते. आषाढ-श्रावणात डवरणी आणि निंदण होते. श्रावण सरता सरता बैलांचे मोठे काम उरकते, आणि नेमकी त्याच वेळी घरातली कणगी तळाला जाते. बियाण्याचे, निंदणाचे पैसे देऊन झालेले असतात. कपाशीला नुकती फुले लागलेली असतात. ज्वारीचे कणीस अजून पोटात असते. हाती आलेले काहीच नाही आणि खर्च मात्र सगळा झालेला, अशा दिवसांत हा सण दारी उभा राहतो. नवी वेसण, नवा कासरा, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ, बैलांना पुरणपोळीचा घास, आणि बैल राखणाऱ्या गड्याला नवे कापड. भरल्या घरी हा कौतुकाचा खर्च. रित्या घरी तो काळजाला घोर.

आम्ही सांगतो ती गोष्ट १९६६ सालची. आदल्या वर्षी पाऊस रुसला होता आणि त्या वर्षीही त्याने राग सोडला नव्हता. देशभर धान्याची टंचाई होती. १९६५ साली लाल बहादूर शास्त्री यांनी देशवासीयांना सोमवारी एक वेळचे जेवण सोडावयास सांगितले होते; आमच्या घरी तसा सोमवार आठवड्यातून कितीदा तरी येई. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेला गहू आणि तांबडी मिलो ज्वारी मिळे. मिलोची भाकरी थंड झाली की लाकडासारखी होई, म्हणून आई ती तव्यावरून थेट आमच्या हातांत देई. त्यात त्या वर्षी श्रावण अधिक आला. एकच महिना दोनदा आला आणि पोळा सप्टेंबरात गेला. सुगी काही त्यामुळे जवळ येत नाही. घरात मात्र रित्या कणगीकडे पाहण्याचे दिवस वाढले.

आमच्या दावणीला एक जोडी होती, दोन्ही बैल गवळाऊ जातीचे, पांढरे आणि चपळ. आषाढाच्या पहिल्या पावसात त्यांतला एक घटसर्पाने दोन दिवसांत गेला. एका बैलाने औत ओढता येत नाही, आणि दुसरा बैल घेण्याची ऐपत नाही, अशा घरांसाठी आमच्याकडे जुनी रीत आहे ती सावडीची. नाल्यापलीकडे एक विधवा बाई राहत. त्यांचे यजमान वारल्यावर देणे फेडण्यासाठी त्यांनी आपला एक बैल विकला होता. एक उरला होता, तांबडा, अंगाने बुटका. त्यांचा एक बैल आणि आमचा एक मिळून जोडी झाली. दोन दिवस आमच्या शेतात औत, दोन दिवस त्यांच्या. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा बैल हाकी. पांढरा उंच आणि तांबडा ठेंगणा. प्रारंभी दोघांची चाल जमेना, तास वाकडे जाई, आणि बांधावरून जाणारे लोक हसत. हळूहळू जमले. पेरणी झाली, डवरणीही झाली. मग पोळा आला, आणि शेतात जो प्रश्न कोणालाच पडला नव्हता तो दोन्ही घरांत उभा राहिला. ही जोडी कोणाची?

पोळ्याला गावाच्या शिवेपाशी आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात. सगळ्या गावाच्या जोड्या सजून त्याखाली ओळीने उभ्या राहतात. मानाची जोडी पुढे, बाकीच्या मागे. झडत्या म्हणतात, तोरण तुटते, आणि मग प्रत्येक जण आपली जोडी घेऊन आधी देवळात आणि मग दारोदार पूजेला जातो. त्या ओळीत जोडी नसणे म्हणजे आपले औत मोडले हे साऱ्या गावाला सांगणे. आमच्या बाबांना त्याचीच धास्ती होती. जोडी सजवून आणावयाची, ती आमची म्हणून आणावयाची, आणि कोणाला बोलावयास जागा ठेवावयाची नाही, असे त्यांनी मनाशी घेतले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी पहाटे त्यांनी आईच्या माहेरची पितळी घागर फडक्यात बांधली आणि ते पांढुर्ण्याच्या वाटेला लागले.

संध्याकाळी परतले ते घागर घेऊनच. ज्या दुकानी ते गेले होते तेथल्या व्यापाऱ्याने घागरीकडे पाहिलेदेखील नाही. तो म्हणाला, “भांडं घरी ने. कागदावर अंगठा दे आणि चाळीस रुपये घेऊन जा. कापूस निघाला की माझ्या काट्यावर घाल. भाव मी धरीन तो.” बाबांनी कागद घडी करून टोपीत खोवला होता. रात्रभर विचार करून पहाटे पुन्हा जाण्याचा आणि दुपारी तोरणाच्या आत झूल, गोंडे, गहू, डाळ, गूळ सगळे घेऊन येण्याचा त्यांचा बेत होता. आई काही बोलली नाही. तिने घागर परत उतरंडीशी ठेवली. आजी मात्र म्हणाली, “आज खांद शेकाची हाय. तेवढी त शेक. त्याले पैसे लागते काय?”

वाचकहो, खांद शेकणे म्हणजे काय हे कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना कदाचित सांगावे लागेल. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या मानेचा आणि पाठीचा जोड, जेथे वर्षभर जू बसते ती जागा, हळद आणि तूप लावून पळसाच्या पानाने चोळतात. वर्षभर ज्या जागेवर भार टाकला, तेथे एका सांजेपुरता माणसाचा हात फिरतो. मग बैलांना उद्याच्या जेवणाचे निमंत्रण देतात, जसे सोयऱ्यांना द्यावे तसे. आमच्या घरी हळद होती, तूप नव्हते. नाल्यापलीकडल्या बाई आपला तांबडा घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या हातात वाटी होती आणि वाटीच्या तळाशी बोटभर तूप होते. ते त्यांनी कोणाकडून आणले ते आम्हांस शेवटपर्यंत कळले नाही.

बाबांनी आधी पांढऱ्याची खांद शेकली. त्याची कातडी राठ झालेली होती, पण जखम नव्हती. मग ते तांबड्याकडे वळले. आम्ही दिवा धरून उभे होतो. पळसाचे पान खांद्याला टेकताच तांबड्याने अंग चोरले आणि मान खाली घातली. बाबांनी दिवा जवळ आणावयास सांगितला. त्याच्या खांद्यावर तळहाताएवढी जागा सोलून निघालेली होती. वर खपली, खाली ओल. बाबा कितीतरी वेळ तेथे उकिडवे बसून राहिले. दोन बैलांत एक उंच आणि एक ठेंगणा असला, की जू कलते आणि भार ठेंगण्याच्या मानेवर सरतो. एवढी साधी गोष्ट कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते, बाबांनाही होती. आमची पेरणी झाली, डवरणी झाली, आणि दोन महिने ती सारी त्या तांबड्याच्या मानेवर झाली. तो बैल आमचा नव्हता.

बाबांनी वाटीतले सगळे तूप त्याच्या खांद्याला लावले. मग बाईंकडे न पाहता ते म्हणाले, “वैनी, उद्या जोडी पयले तुमच्या दारात येईन.” बाई म्हणाल्या, “आमच्या घरी काय हाय भाऊजी, पूजा कराले?” बाबा म्हणाले, “आमच्या तरी काय हाय?” आणि त्या रात्री प्रथमच दोन्ही घरची माणसे हसली. टोपीतला कागद बाबांनी चुलीत घातला. घालताना कोणाला सांगितले नाही, पण आम्ही पाहिले.

मग रात्रभर दोन्ही घरे जागी होती. गेल्या वर्षीच्या अंबाडीचा वाख घरात होता. बाबांनी आणि त्या मुलाने त्याचे दोन कासरे वळले. आईने आपल्या जुन्या लुगड्याचे तुकडे गोधडीच्या टाक्यांनी जोडून दोन झुली केल्या. गेरू घरचाच होता. बाईंनी पेटीतून यजमानांचा तांबडा फेटा काढला, तो मधोमध फाडला, आणि अर्धा पांढऱ्याच्या व अर्धा तांबड्याच्या शिंगांना बांधावयाचा ठरवला. बाबांचा एक सदरा आईने आखूड केला आणि तो बैल हाकणाऱ्या मुलाला नवे कापड म्हणून दिला. दोन घरांत मिळून पावशेर हरभऱ्याची डाळ निघाली, थोडा गूळ निघाला, रेशनचा मूठ-दोन मूठ गहू निघाला. पहाटे पुरण शिजले, तेव्हा त्याच्या वासाने आम्ही पाचही मुले चुलीभोवती जमलो. पोळ्या झाल्या चार. दोन एका बैलाच्या, दोन दुसऱ्याच्या. आमच्या धाकट्याने विचारले, “आन् आमाले?” आई म्हणाली, “ज्यानं पेरलं त्याले आधी.” आमच्या वाट्याला पुरणाचे पातेले आले. ते आम्ही पाचांनी इतके स्वच्छ केले, की घासण्याची गरज उरली नाही.

दुपारी शिवेवर तोरणाखाली आमची जोडी सर्वांत शेवटी उभी होती. पुढच्या जोड्यांच्या शिंगांवर बेगड चमकत होता, पाठीवर भरतकामाच्या झुली होत्या. आमची जोडी पाहून काही पोरे हसली. एक पांढरा, एक तांबडा. एक उंच, एक बुटका. डोक्याला एकाच फेट्याची दोन अर्धुके. ओळ पाहत येणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी विचारले, “ही जोडी कोनाची?” आम्ही बाबांच्या तोंडाकडे पाहिले. एका बाजूस ते उभे होते, दुसऱ्या बाजूस तो मुलगा, अंगात आखूड केलेला सदरा. बाबा म्हणाले, “सावडीची.” गृहस्थांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. एवढेच घडले. पण रात्रंदिवस ज्या प्रश्नाची धास्ती होती, त्याचे उत्तर चार अक्षरांत संपले, हे आम्हांस त्या वयातही जाणवले. तोरण तुटले. जोडी आधी देवळात गेली, मग नाल्यापलीकडे बाईंच्या दारात, आणि तेथून आमच्या दारात. पूजेला गेलेल्या घरांतून जो बोजारा मिळाला, तो बैल हाकणाऱ्या मुलाच्या हाती पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातले पळसाचे मेढे उचलून, त्यांच्याबरोबर घरादाराची इडापिडा गावाबाहेर टाकून, पुरुषमाणसे गोटमार पाहावयास पांढुर्ण्याला निघाली. बाबा गेले नाहीत. ते तांबड्याच्या खांद्याला हळद लावीत बसले होते.

त्या वर्षी कापूस चांगला आला असे आम्ही लिहिले असते, तर गोष्ट गोड झाली असती. तसे झाले नाही. पाऊस ओढ देऊन राहिला आणि बोंडे थोडीच भरली. जो काही कापूस निघाला तो मात्र आमचा होता. तो कोणाच्या काट्याला बांधलेला नव्हता. तो विकून दोन्ही घरांनी हिवाळा काढला. फार मोठे सुख नव्हे हे; परंतु ज्यांनी कागदावर अंगठा देऊन सण साजरे केले आहेत, त्यांना त्याची किंमत कळेल.

या नियतकालिकाच्या कोकणी वाचकांकडेही गुरांचा सण आहे. गोव्यात तो गोरवांपाडवा, दिवाळीच्या पाडव्याला. तोपर्यंत भाताची कापणी बहुतेक ठिकाणी उरकत आलेली असते. धान्य दिसू लागते, आणि मग गुरांना ओवाळतात. आमचा पोळा त्याच्या उलट वेळी येतो. बैलांचे कष्ट संपलेले असतात आणि त्या कष्टांचे काय झाले हे अजून कोणालाच ठाऊक नसते. पीक पाहून केलेला सण तो दिवाळी; पीक न पाहता केलेला सण तो पोळा. पुष्कळ वर्षे आम्हांस वाटे, की आमच्या पूर्वजांनी हा सण चुकीच्या महिन्यात घातला. चार महिने थांबले असते तर गरिबालाही तो सोसला असता. आज तसे वाटत नाही. पीक आल्यावर जो मान द्यावयाचा तो पिकाचा मान होतो. बैलाचा होत नाही. दुष्काळाच्या वर्षी त्या तांबड्याने कष्ट कमी केले नव्हते. त्याचे देणे फलावर अवलंबून ठेवता येत नव्हते, म्हणूनच ते आधी फेडावयाचे. आणि ते फेडावयाला झूल लागत नाही. खांद शेकावी लागते. ज्याच्या मानेवर आपला भार होता त्याची जखम दिवा धरून पाहावी लागते.

सण परवडत नाही म्हणणारी घरे आजही आहेत, आणि सण परवडतो हे दाखवण्यासाठी कर्ज काढणारी त्याहून अधिक आहेत. देवळाच्या उत्सवाची वर्गणी ठरवताना, पालखी कोणाच्या दारी किती वेळ थांबावी हे ठरवताना, आपण बहुधा पुढच्या जोडीकडे पाहतो. ओळीच्या शेवटी कोण उभे आहे, आणि त्याने उभे राहण्यासाठी काय गहाण ठेवले आहे, हे विचारणारा एखादा तरी विश्वस्त प्रत्येक देवळात असावा. सुदाम्याच्या पोह्यांची कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. पण सुदामा आपल्या गल्लीत वर्गणीची पावती पाहून दार लावून घेतो, तेव्हा तो आपल्याला ओळखू येत नाही. आपल्याकडे घराघरांची सावड करण्याची रीत होती. ती शेतापुरतीच होती असे कोणी म्हटले आहे?

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. आमच्या खेड्यात आता ट्रॅक्टरने पेरणी होते आणि तोरणाखालच्या जोड्या मोजावयास फार वेळ लागत नाही. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत ती घरे मातीचे बैल करून पूजतात. आमचेही त्यांतलेच एक. दर वर्षी आम्ही भावंडे एकत्र जमतो आणि काळ्या मातीचे दोन बैल हातांनी करतो. एकाला चुना लावतो, दुसऱ्याला गेरू. नातवंडे दर वर्षी सांगतात, की जोडी चुकली, एक बैल ठेंगणा झाला. आम्ही ती तशीच ठेवतो, आणि पूजेची हळद आधी त्या ठेंगण्याच्या खांद्याला लावतो.